पहिल्या हंगामाचे मोल

वरिष्ठ पातळीवरच्या खेळात खेळाडूचे पहिले वर्ष वेगळ्या खात्यात मांडले जाते. त्या वर्षी त्याच्या पाठीशी मागची पुण्याई नसते, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या खेळातल्या खोडी माहीत नसतात आणि संघातली जागाही पक्की नसते. तरीही काही खेळाडू याच वर्षात असा खेळ करून जातात की पुढे कारकीर्द बहरो किंवा आटो, त्या वर्षाचा उल्लेख टाळता येत नाही. महाराष्ट्रात अशा पहिल्या वर्षांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. ती १९११ सालच्या बाळू पाळवणकरांपासून सुरू होते आणि २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यातल्या दानिश मालेवारपर्यंत येऊन पोहोचते. या सगळ्या नोंदी एकत्र ठेवून वाचल्या की दोन गोष्टी लक्षात येतात. खेळाडूच्या हातात काय कसब आहे ते पहिला हंगाम दाखवतो. तो हंगाम त्याच्या वाट्याला केव्हा येतो, हे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या हातात असते.

नवखा कोणाला म्हणायचे?

नवख्या खेळाडूच्या कामगिरीची सर्वांत शिस्तशीर नोंद अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलने ठेवली आहे. तिथे ‘रुकी ऑफ द इयर’ हा पुरस्कार १९४७ पासून दिला जातो. पहिली दोन वर्षे दोन्ही लीग मिळून एकच खेळाडू निवडला गेला. १९४९ पासून प्रत्येक लीगचा स्वतंत्र मानकरी ठरू लागला. नवखा कोण, याचा नियमही आकड्यांत बांधलेला आहे. आधीच्या हंगामांत मिळून १३० पेक्षा जास्त वेळा फलंदाजी केलेला किंवा ५० पेक्षा जास्त डाव गोलंदाजी केलेला खेळाडू नवखा धरला जात नाही.

नियम असूनही वाद होतातच. जपानचा इचिरो सुझुकी २००१ मध्ये सिएटल मरिनर्सकडून अमेरिकेत खेळू लागला, तेव्हा त्याच्यामागे जपानी व्यावसायिक बेसबॉलची नऊ वर्षे होती. अमेरिकेतल्या पहिल्याच हंगामात त्याने २४२ यशस्वी फटके मारले आणि ५६ वेळा बेस चोरला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा तोच ठरला आणि लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. एकाच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारा तो दुसरा खेळाडू होता. पहिला होता १९७५ मधला बोस्टनचा फ्रेड लिन. जपानमध्ये मुरलेल्या खेळाडूला नवखा का म्हणायचे, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

भारतातही हा प्रश्न आहे. आयपीएलचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार २०२१ मध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला मिळाला. त्या हंगामात ६३५ धावा करून त्याने सर्वाधिक धावांची नारिंगी टोपीही मिळवली होती. पण आयपीएलमधले ते त्याचे दुसरे वर्ष होते. रणजी करंडकात एखाद्याचे पहिले वर्ष शोधायचे तर धावफलकच चाळावे लागतात. म्हणूनच पहिल्या हंगामांचा इतिहास सलग असा फारसा लिहिला जात नाही. तो आठवणींत आणि आकडेवारीच्या पुस्तकांत विखुरलेला राहतो.

उशिरा उघडलेले दार

बेसबॉलच्या या पुरस्काराचा पहिला मानकरी होता जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. पहिल्या हंगामात रॉबिन्सनची फलंदाजीची सरासरी .२९७ होती, म्हणजे दर हजार संधींमागे २९७ यशस्वी फटके. २९ बेस चोरून त्या बाबतीत तो लीगमध्ये अव्वल राहिला. प्रेक्षकांतून शिव्या येत होत्या आणि काही प्रतिस्पर्धी उघड वैर धरून होते. त्या वातावरणात त्याने हा खेळ केला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. नवख्याचे हे वय नव्हे. दार उशिरा उघडले म्हणून त्याचा पहिला हंगाम उशिरा आला. १९८७ मध्ये या पुरस्कारालाच त्याचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्रात हीच कहाणी त्याच्या छत्तीस वर्षे आधी घडून गेली होती. बाळू पाळवणकर यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि सरावाची जाळी लावण्याचे काम त्यांच्याकडे होते. तिथल्या इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते आणि त्यासाठी लागणारी गोलंदाजी बाळूंकडेच होती. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर आधी वाद झाले. मग घेतले गेले, पण खेळाच्या मधल्या वेळेत त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी दिला जाई. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता. मैदानाबाहेर शिवाशिव तशीच होती.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संपूर्ण भारताचा म्हणून गेलेला तो पहिला संघ. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्या, कडाक्याची थंडी आणि कौंटी संघांतले मुरलेले फलंदाज या सगळ्याशी बाळूंची गाठ पहिल्यांदाच पडली. त्यांचे वय तेव्हा ३५ होते. संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने कितीतरी जास्त होते. पण बाळूंनी त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. परदेशातल्या पहिल्याच हंगामात एवढे यश मिळवलेला दुसरा गोलंदाज भारताला पुढे बरीच वर्षे मिळाला नाही. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, आणि त्यासाठीही मोठी चळवळ व्हावी लागली.

रॉबिन्सन आणि बाळू या दोघांच्या पहिल्या हंगामांचे मोल फक्त आकड्यांत मावत नाही. जे वर्ष विसाव्या वर्षी यायला हवे होते, ते समाजाच्या रीतीमुळे कित्येक वर्षांनी आले. आधीची गेलेली वर्षे कोणत्याच नोंदवहीत सापडत नाहीत.

१९७१: चार कसोटी, ७७४ धावा

भारतीय क्रिकेटमधला सर्वांत गाजलेला पहिला हंगाम सुनील गावसकर यांचा. गंमत अशी की रणजी करंडकातली त्यांची सुरुवात शून्याने झाली. १९६८-६९ मध्ये म्हैसूरविरुद्ध मुंबईकडून खेळताना ते खाते न उघडता बाद झाले. पुढच्याच सामन्यात राजस्थानविरुद्ध त्यांनी शतक काढले. मुंबई विद्यापीठाच्या सामन्यांत आणि रणजीत धावांचा रतीब चालू राहिला आणि १९७०-७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली.

बोटाच्या दुखण्यामुळे किंग्स्टनची पहिली कसोटी हुकली. दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. त्या सामन्यात भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले. मग जॉर्जटाऊनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाऊनला १ आणि नाबाद ११७. शेवटच्या कसोटीसाठी संघ पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला आला. दातदुखीने ते हैराण होते, पण पहिल्या डावात त्यांनी १२४ आणि दुसऱ्या डावात २२० धावा केल्या. चार कसोटींत मिळून ७७४ धावा, सरासरी १५४.८०, चार शतके. पदार्पणाच्या मालिकेतला हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

त्या यशाचा एक आधार बहुतेक वेळा विसरला जातो. त्याच मालिकेत गोव्याचे दिलीप सरदेसाई यांनी ६४२ धावा केल्या होत्या. त्यांचे ते पहिले वर्ष नव्हते. संघातली जागा डळमळीत झालेली असताना ते दौऱ्यावर गेले होते. किंग्स्टनला भारत अडचणीत असताना त्यांनी द्विशतक ठोकले आणि नव्या मुलांच्या मनातली वेस्ट इंडीजच्या गोलंदाजीची भीती घालवली. नवखा खेळाडू चमकतो तेव्हा त्याच्या आसपास कोणीतरी जुना खेळाडू भार उचलत असतो. १९७१ मध्ये तो भार सरदेसाईंनी उचलला.

मुंबईची चार पदार्पणे

१९८८ पासूनच्या सहा वर्षांत मुंबईच्या शालेय क्रिकेटमधून आलेल्या तिघांनी आपापली पहिली वर्षे गाजवली. तिघेही रमाकांत आचरेकर यांच्या शिवाजी पार्कवरच्या तालमीतले.

११ डिसेंबर १९८८ रोजी वानखेडे स्टेडियमवर गुजरातविरुद्ध सचिन तेंडुलकरने मुंबईकडून रणजी पदार्पण केले. वय १५ वर्षे २३२ दिवस. त्या डावात तो १०० धावांवर नाबाद राहिला. प्रथम श्रेणी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान भारतीय ठरला. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ५८३ धावा होत्या आणि मुंबईकडून सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात कराचीला त्याने कसोटी पदार्पण केले.

विनोद कांबळीचे कसोटीतले पहिले वर्ष म्हणजे १९९३. जानेवारीच्या अखेरीस कोलकात्यात पदार्पण झाले. फेब्रुवारीत मुंबईला इंग्लंडविरुद्ध २२४, मार्चमध्ये दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७ आणि त्याच वर्षी श्रीलंकेत कोलंबोला १२५ आणि १२०. एका वर्षाच्या आत चार शतके, त्यातली दोन द्विशतके, आणि तीही लागोपाठच्या कसोटींत. कसोटीत हजार धावा पूर्ण करायला त्याला १४ डाव लागले. इतक्या कमी डावांत हा टप्पा गाठणारा दुसरा भारतीय फलंदाज अजून झालेला नाही. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. एवढ्या सरासरीचा फलंदाज एवढ्या लवकर कसोटीबाहेर गेल्याची उदाहरणे क्रिकेटमध्ये फार थोडी आहेत.

तिसरा अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तोच. त्या डावात त्याला फलंदाजी मिळालीच नाही. मिळाली ती १९९३-९४ च्या हंगामात, फरिदाबादला हरियाणाविरुद्धच्या रणजी बाद फेरीच्या सामन्यात. पदार्पणाच्या त्या डावात त्याने २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो जागतिक विक्रम ठरला आणि जवळजवळ पंचवीस वर्षे टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करून तो मोडला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने ३४१ धावा करून तो आणखी वर नेला.

मुजुमदारने प्रथम श्रेणीत ३० शतकांसह ११,१६७ धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. त्याच्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. जागाच रिकामी नव्हती. जून २०२२ मध्ये तो मुंबईचा प्रशिक्षक असताना सुवेद पारकर या नवख्या फलंदाजाने उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात पदार्पणातच २५२ धावा केल्या. मुंबईकडून पदार्पणात द्विशतक करणारा मुजुमदारनंतरचा तो पहिलाच. तो सामना मुंबईने ७२५ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला धावांच्या फरकाने मिळालेला हा सर्वांत मोठा विजय. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षकपद अमोल मुजुमदारकडेच होते.

विदर्भ: कोळशाच्या खाणीपासून जामठ्यापर्यंत

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे. पहिली साठ वर्षे तो अंतिम फेरीत कधीच पोहोचला नाही. मुंबईत मैदाने, क्लब आणि कार्यालयीन संघांची घट्ट वीण होती, तशी वैदर्भीय मुलांच्या वाट्याला आली नाही. म्हणून इथले पहिले हंगाम वेगळ्या नजरेने वाचावे लागतात.

उमेश यादवचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. वडील नागपूरजवळ कोळसा खाणीत कामाला. खापरखेड्याच्या परिसरात तो टेनिस चेंडूने खेळत मोठा झाला. वीस वर्षांचा होईपर्यंत लेदर चेंडूचा त्याला सराव नव्हता. सैन्यात आणि पोलिसांत भरती होण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा तो गंभीरपणे क्रिकेटकडे वळला. ३ नोव्हेंबर २००८ रोजी मध्य प्रदेशविरुद्ध त्याने रणजी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात ७२ धावांत ४ बळी घेतले. त्या हंगामात चार सामन्यांत १४.६० च्या सरासरीने २० बळी त्याच्या नावावर लागले. लेदर चेंडू हाती धरून उणेपुरे एक वर्ष झालेल्या गोलंदाजाची ही आकडेवारी आहे. टेनिस चेंडू हलका असतो. तो फलंदाजाच्या पुढून काढायचा तर खांद्याचा पुरता जोर लावावा लागतो. तोच जोर लेदर चेंडूला मिळाला आणि वेग आपोआप आला. टप्पा आणि दिशा नंतर शिकता आली. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत तो वेस्ट इंडीजविरुद्ध उतरला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. पुढे ५७ कसोटींत त्याने १७० बळी घेतले.

२०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फझल यांच्या संघाने विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध १२ बळी आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेणाऱ्या रजनीश गुरबानीचे नाव त्या विजयाशी कायमचे जोडले गेले. पण त्याच अंतिम सामन्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा करून आपले पहिले प्रथम श्रेणी शतक झळकावले, आणि अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे तर पदार्पणच अंतिम सामन्यात करत होता. विजेत्या संघाने सर्वांत मोठ्या सामन्यात नवख्या मुलाच्या हाती नवा चेंडू देणे, ही विदर्भाच्या बदललेल्या मनाची खूण होती.

सात वर्षांनी याच वाडकरच्या नेतृत्वाखाली आणखी एका नवख्या खेळाडूने पहिले वर्ष गाजवले. नागपूरचा दानिश मालेवार ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथम श्रेणीत आला. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. केरळने नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली. दुसऱ्याच चेंडूवर पार्थ रेखडे पायचीत झाला. थोड्या वेळाने दर्शन नळकांडे गेला आणि मग ध्रुव शौरीही. फलकावर ३ बाद २४. खेळपट्टीत ओल होती आणि चेंडू हलत होता. एका टोकाला कसोटीत तिहेरी शतक नावावर असलेला करुण नायर आणि दुसऱ्या टोकाला २१ वर्षांचा मालेवार. दोघांनी आधी चेंडू सोडण्यावर भर दिला, मग हळूहळू एकेरी धावा आणि मग मोठे फटके. भागी २१५ धावांची झाली. नायर ८६ वर धावबाद झाला, पण मालेवार दिवसअखेर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी तो १५३ वर बाद झाला. दुसऱ्या डावात पुन्हा ७३. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. मालेवारच्या खात्यावर हंगामात ७८३ धावा होत्या आणि अंतिम सामन्याचा मानकरीही तोच ठरला.

त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातला विक्रम केला आणि यश राठोडने ९६० धावा केल्या. म्हणजे १९७१ मध्ये गावसकरांना जसा सरदेसाईंचा आधार होता, तसा मालेवारला आधार द्यायला आता विदर्भात एक पूर्ण फळी उभी होती.

मातीतले आणि मैदानातले आणखी दोघे

प्रो कबड्डी लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि आकडेवारी काटेकोर ठेवली जाते. त्यामुळे व्यावसायिक पहिला हंगाम तिथे स्पष्ट दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून उतरला. २१ सामन्यांत त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. उंची आणि ताकद यांच्या जोरावर दोघातिघांनी धरले तरी मध्यरेषेपर्यंत ओढत यायचे, ही त्याची खासियत. त्या हंगामाचा सर्वोत्तम नवखा तोच ठरला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले आणि सातव्या हंगामातही त्याने २१७ गुण मिळवले. त्यानंतर मात्र दुखापतीने गाठले आणि आठव्या हंगामात तो मोजकेच सामने खेळू शकला.

महिला क्रिकेटमध्ये सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे ही मूळची मैदानी खेळांतली, भालाफेक आणि गोळाफेक करणारी. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळाली नाही, म्हणून ती नागालँडकडून खेळली. २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या टी-२० सामन्यात तिने नाबाद १६२ धावा केल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात महिला टी-२० चॅलेंज स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात तिने २५ चेंडूंत अर्धशतक गाठले. काही महिन्यांत ती भारताकडून खेळली. घरच्या राज्याचे दार बंद असताना दुसरीकडचे दार ठोठावून तिने आपला पहिला हंगाम मिळवला.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा

पहिले वर्ष चमकदार गेलेल्यांपैकी काहींची घसरण दुसऱ्या वर्षी का होते, याची कारणे खेळाच्या स्वरूपातच आहेत. नवख्या फलंदाजाची कमकुवत बाजू आधी कोणाला ठाऊक नसते. हंगामभराच्या चित्रफिती हाती आल्या की प्रतिस्पर्धी त्याच बाजूला मारा करतात. गोलंदाजाचा फसवा चेंडू ओळखीचा होतो. दुसरे कारण आकडेशास्त्राचे. एखादे वर्ष असाधारण चांगले जाण्यात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो आणि नशीब दर वर्षी तितकेच साथ देत नाही. तिसरे कारण शरीराचे. कोवळ्या वयात अचानक वाढलेला भार हाडांना आणि स्नायूंना झेपत नाही.

बेसबॉलमध्ये मार्क फिड्रिच याचे ठळक उदाहरण आहे. १९७६ मध्ये डेट्रॉइटकडून पहिल्याच हंगामात त्याने १९ सामने जिंकले आणि सुरू केलेल्यांपैकी २४ सामने स्वतःच संपवले. पुढच्या वर्षी गुडघा आणि मग खांदा दुखावला. १९८० नंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. त्याच्या उलट मेक्सिकोतल्या एका छोट्या खेड्यातून आलेला फर्नांडो व्हॅलेन्झुएला. १९८१ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याने सुरुवातीचे आठही सामने जिंकले. सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम गोलंदाज हे दोन्ही पुरस्कार त्याच वर्षी मिळवणारा तो एकमेव, आणि पुढे बरीच वर्षे तो टिकलाही.

मुंबईतही दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा मोठे झाल्याची उदाहरणे आहेत. श्रेयस अय्यरने २०१४-१५ च्या पहिल्या रणजी हंगामात ८०९ धावा केल्या. पुढच्या हंगामात त्याने १,३२१ धावा करून मुंबईला करंडक मिळवून दिला. मालेवारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात मध्य विभागाकडून पदार्पणातच द्विशतक केले. टिकणारे आणि ओसरणारे यांच्यातला फरक फक्त गुणांचा नसतो. प्रशिक्षक, वैद्यकीय देखरेख, विश्रांती आणि अपयश आले तरी पुन्हा मिळणारी संधी, या सगळ्यांवर तो ठरतो.

तालुक्याच्या मैदानापर्यंत

विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यातूनही असा एक खेळाडू पुढे आला आहे. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार याच जिल्ह्याचा. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने फलंदाज पाहून हात बदलला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटके निर्धाव टाकली आणि दोन बळी घेतले. टी-२० क्रिकेटमध्ये हे त्याआधी कोणी केले नव्हते.

याच जिल्ह्यातल्या महागाव, उमरखेड, पुसद, आर्णी या तालुक्यांत सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या रानात टेनिस चेंडूच्या स्पर्धा रंगतात. गावोगावची मंडळे बक्षिसे लावतात आणि दिवसभर सामने चालतात. उमेश यादव अशाच सामन्यांतून घडला. खापरखेड्याहून नागपूर हाकेच्या अंतरावर होते, महागावहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे इथल्या वेगवान मुलाच्या हाती लेदर चेंडू पडेपर्यंत त्याचे विशीचे वय निघून जाण्याचा धोका मोठा आहे. बाळूंचा पहिला हंगाम जातीने लांबवला आणि नवगिरेचा निवडीने. इथल्या मुलांचा हंगाम अंतराने आणि सोयींच्या अभावाने लांबतो.

यावरचे उपाय अवघड नाहीत. तालुक्याला एक तरी मातीची वा सिमेंटची खेळपट्टी आणि त्यावर मॅट, शाळेतल्या क्रीडा शिक्षकाकडे लेदर चेंडूंचा पुरवठा, आणि निवड चाचणीची तारीख व ठिकाण वेळेवर गावापर्यंत पोहोचणे. टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी वर्षातून एक स्पर्धा लेदर चेंडूने घेतली आणि तिला जिल्ह्याचे निवडकर्ते बोलावले, तर बरेच काम होईल. चांगला खेळाडू पहिल्याच हंगामात आपली ओळख देतो, हे शंभर वर्षांच्या नोंदी सांगतात. तो हंगाम त्याला वेळेवर मिळवून देणे ही शाळेची, मंडळाची, संघटनेची आणि गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाची जबाबदारी आहे.